कानांनी ऐकलेली युद्धं

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या आपल्याच वर्गमैत्रिणीनं मला दोन अटी घातल्या. नोकरीबद्दल लिहायचं नाही, आणि 'शाळेनं मला काय दिलं' यावरही लिहायचं नाही, कारण त्या विषयावरचे लेख तिच्याकडे ढिगानं आले आहेत. 'तू ते युद्धाचं काय काय ऐकत असतेस ना, त्यावर लिही,' असं तीच म्हणाली. तेव्हा सर, बाई आणि १९९६च्या तुकडीतल्या मित्रमैत्रिणींनो, हा लेख एका श्रोतीचा आहे. मी इतिहासाची अभ्यासक नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर इतिहास सुटला तो सुटलाच, आणि बऱ्याच वर्षांनी कानांतून परत आला.

वाकडहून हिंजवडीला पोचायला हल्ली जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पूर्वीचं सैन्य एक मुक्काम गाठत असेल. जाऊन-येऊन रोजचे दोन तास. शिवाय घरी स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं. या सगळ्या वेळात माझ्या कानात ऑडिओबुक असतं आणि दहातली आठ पुस्तकं युद्धांची असतात. छंद म्हणून हे विचित्र आहे हे मान्य. मेथी निवडताना व्हर्दूं चालू असतं. ती लढाई फेब्रुवारी १९१६ ते डिसेंबर १९१६ अशी दहा महिने चालली. पुस्तक माझ्या तीन आठवड्यांच्या भाज्यांत संपलं.

खरं तर ऐकून युद्ध समजून घेणं आपल्याला नवं नाही. अफजलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा ही आपली पहिली ऑडिओबुकंच म्हणायची. डफ, तुणतुणं, मागे झीलकरी आणि पुढे एक शाहीर. स्नेहसंमेलनात पोवाड्याला जशा टाळ्या पडत तशा नाटकालाही पडत नसत, हे तुम्हाला आठवत असेल. पोवाडा एका माणसाला धरून चालतो हे त्याचं बळ. तानाजी पडतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. पण गडावर किती दिवसांचं धान्य होतं हे शाहीर सांगत नाही, आणि सांगत बसला तर लोक उठून जातील. कानाला शौर्य चटकन कळतं, हिशेब कळत नाही. युद्धाच्या ऑडिओबुकांबद्दलची माझी बहुतेक मतं या एका गोष्टीतून निघाली आहेत.

पानिपताचंच घ्या. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब गर्दीत घुसले, फळी फुटली, एवढं आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. पण आपल्या इतिहासाच्या सरांनी फळ्यावर एक रेघ यमुनेची काढली, एक पानिपत ते दिल्ली या वाटेची काढली आणि मध्ये खडूनं फुली मारली. ऑक्टोबर १७६०मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट तुटली. डिसेंबरात रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसंच जास्त होती, आणि सगळ्यांना खायला लागत होतं. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी जे सैन्य बाहेर पडलं ते उपाशी होतं. ती फुली दोन मिनिटांत काढून झाली होती. तेवढ्यासाठी चांगला निवेदक पाऊण तास घेतो आणि तरी माझ्या डोक्यात नदी उलट्या बाजूला वाहत असते.

म्हणून माझं पहिलं मत: मोहिमांचा इतिहास नुसता ऐकू नये. उजवी बगल, डावी बगल, अमुक टेकडी, तमुक पूल हे ऐकताना पंधरा मिनिटांत माणूस हरवतो. मी पुस्तक सुरू करण्याआधी नकाशा छापून घेते आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवते. आमच्या फ्रिजवर सध्या टायग्रिस नदी आहे आणि तिच्यावर हळदीचे डाग आहेत.

दुसरं मत निवेदकांबद्दल, आणि ते जरा कडक आहे. युद्धाच्या पुस्तकाला भारदस्त, खर्जातला, थरथरता आवाज लावायची खोड पुष्कळांना असते. मागे ढोल वाजवणारेही आहेत. ते ऐकलं की मी पुस्तक बंद करते. मरणाचं वर्णन करायला आवाज चढवावा लागत नाही. बातम्या देणाऱ्या बाईंसारखा सपाट आवाज पुरतो, आणि तोच जास्त लागतो. शत्रूपक्षाच्या माणसाचं बोलणं आलं की त्या देशाचा हेल काढून वाचणारे निवेदक तर नकोच. जर्मन जनरल जर्मन लोकांशी मोडक्या इंग्रजीत कशाला बोलेल?

बार्बरा टकमन यांचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट' हे १९६२चं पुस्तक मात्र ऐकण्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. पहिल्या महायुद्धाची 'कारणे व परिणाम' आपण पाठ केली होती. या पुस्तकात कारणांची यादी नाही, माणसं आहेत. सुरुवात होते १९१० सालच्या मे महिन्यातल्या एका अंत्ययात्रेनं: इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड वारलाय आणि त्याच्या मागे नऊ राजे घोड्यांवरून चाललेत. चार वर्षांनी यातलेच कितीतरी एकमेकांवर उठणार असतात. क्युबाच्या पेचप्रसंगात केनेडींच्या मनात हे पुस्तक होतं, हे प्रसिद्ध आहे.

मला त्यातला १ ऑगस्ट १९१४च्या संध्याकाळचा भाग सर्वांत आवडतो. जर्मन सम्राटाला लंडनहून कळतं की फ्रान्सला हात लावला नाही तर ब्रिटन कदाचित बाजूला राहील. तो आनंदानं सेनापती मोल्टकेला म्हणतो, मग सगळं सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवा. मोल्टके म्हणतो, होणार नाही. ११,००० गाड्यांचं वेळापत्रक वर्षभर खपून बनवलंय, ते आता बदलता येत नाही. एका कोअरला हलवायला १४० गाड्या आणि ६,०१० डबे लागत होते, आणि अशा चाळीस कोअर होत्या. युद्धानंतर जर्मन रेल्वे विभागाच्या प्रमुखानं एक पुस्तकच लिहून दाखवून दिलं की बदलता आलं असतं, निदान बरंचसं सैन्य वळवता आलं असतं. पण त्या संध्याकाळी कोणी त्याला विचारलंच नाही. नोकरीबद्दलचं एकच वाक्य लिहिते, संपादकांनी ते कापू नये: परतीची वाट न ठेवता केलेलं रिलीज कसं असतं हे मला ठाऊक आहे, आणि त्या खोलीत मोल्टकेच्या चेहऱ्यावर काय असेल याची मला कल्पना करता येते.

पण सगळ्यात जास्त वेळा मी जो भाग ऐकला आहे तो युरोपातला नाही. तो आहे आजच्या इराकमधल्या कूत अल-अमारा या गावाच्या वेढ्याचा. टायग्रिसच्या एका वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं हे गाव. तिथं ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे जवळजवळ पाच महिने ब्रिटिश-हिंदी फौज कोंडली गेली आणि शेवटी तिनं तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. ही फौज होती सहावी डिव्हिजन, आणि तिचं पूर्ण नाव 'सहावी (पुणे) डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. म्हणजे साताऱ्याची, रत्नागिरीची, कुलाब्याची माणसं. आपल्या दहावीच्या तयारीत पहिल्या महायुद्धाबद्दल जे पाठ केलं होतं त्यात सारायेव्हो होतं, व्हर्साय होतं, कूत नव्हतं.

नोव्हेंबर १९१४मध्ये ही डिव्हिजन बसऱ्याला उतरली ती तेलाच्या वाटा राखायला. पण एकेक गाव सहज पडत गेलं तसा वरच्यांचा मोह वाढला. जून १९१५मध्ये अमारा, सप्टेंबरात कूत, मग बगदाद का नको? जनरल टाउनशेंडच्या हाताखालची ही फौज नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला पोचली. तिथं सासानी काळातल्या राजवाड्याची प्रचंड कमान अजून उभी आहे. २२ नोव्हेंबरपासूनच्या त्या लढाईत लढणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले माघार घेत ३ डिसेंबरला कूतमध्ये शिरले आणि तिथंच थांबले.

टेसिफॉनच्या जखमींचं काय झालं हे ऐकताना मी एकदा गाडी रस्त्याच्या कडेला लावली होती. रुग्णवाहू बोटी नव्हत्या, म्हणून जखमींना साध्या बोटींवर, तराफ्यांवर उघड्यावर टाकून कित्येक दिवसांच्या प्रवासानं बसऱ्याला पाठवलं. मेजर कार्टर नावाचा एक डॉक्टर धक्क्यावर उभा होता. 'मेजिदिए' नावाची बोट येताना तिच्या कडांवरून दोरांसारखं काहीतरी लोंबताना त्याला दिसलं. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा होती. माणसांना हलताच येत नव्हतं. कार्टरनं हे लिहून वर कळवलं तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दमदाटी केली. पुढे १९१७मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, लंडनमध्ये गदारोळ झाला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. वाचताना अशा परिच्छेदावरून डोळे पुढे सरकतात. कानांना ती सोय नाही. निवेदक ज्या गतीनं वाचतो त्याच गतीनं ती बोट धक्क्याला लागते.

वेढ्याची गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती एका अंदाजाची गोष्ट आहे. वेढा पडताच टाउनशेंडनं बाहेर कळवलं की अन्न जेमतेम दोन महिने पुरेल. गावात सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासी होते, त्यांच्या घराघरांत धान्य होतं. ते त्यानं मोजलं नाही, आणि शिधाही सुरुवातीपासून कापला नाही. बाहेर सुटकेसाठी निघालेल्या जनरल एल्मरला वाटलं, वेळच नाही. मग तुकड्या जशा बसऱ्याला उतरतील तशा, पुरत्या तोफा नाहीत, पुरते डॉक्टर नाहीत, तरी त्यानं पुढे रेटल्या. जानेवारी १९१६मध्ये शेख साद, मग वादी, मग २१ तारखेला चिखलपावसात हन्ना. हन्नाला एका दिवसात २,७००च्या आसपास माणसं पडली. आणि हन्नानंतर चारच दिवसांत टाउनशेंडची तार आली: घरोघर शोध घेतला, धान्य सापडलं, अजून ८४ दिवस काढता येतील. सुटकेसाठी झटताना एप्रिलपर्यंत एकूण सुमारे २३,००० माणसं मेली वा जखमी झाली. कूतमध्ये अडकलेल्यांहून ती कितीतरी जास्त.

ही तार आली तो भाग मी तीन वेगवेगळ्या पुस्तकांत, तीन निवेदकांकडून ऐकला आहे. दोघं ती धान्य सापडल्याच्या आनंदात वाचतात. एकच जण '८४ दिवस' म्हटल्यावर क्षणभर थांबतो. निवेदकाला मजकूर कळलाय की नाही हे अशा ठिकाणी समजतं.

कूतमधल्या जेवणाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते मला चुलीपाशी ऐकायला मिळालं. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली तेव्हा हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. तसं मांस चालेल अशी धर्मगुरूंची संमती हिंदुस्थानातून तारेनं मागवली, तरी पुष्कळ जण एप्रिल उजाडेपर्यंत तयार झाले नाहीत. तिथं पॅट्रिक हेहिर नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या नोंदींतून पुढे आहारशास्त्राला एक धडा मिळाला: पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला, तो कोंड्यासकट आटा खाणाऱ्या हिंदी शिपायांना झाला नाही, उलट ताजं मांस न खाणाऱ्या हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, तो गोऱ्यांत फारसा नव्हता. शेवटी विमानांतून पोती टाकून पाहिली, त्यातली कित्येक नदीत पडली. २४ एप्रिलला 'जुल्नार' नावाची बोट धान्य घेऊन अंधारात निघाली, ती तुर्कांच्या हाती पडली. खलील पाशाला आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले, त्यानं नकार दिला. ही बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता, तोच पुढे सिनेमामुळे आपल्याला ठाऊक झालेला.

तेराएक हजार माणसं कैद झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, आणि कैदेत असतानाच 'सर' ही पदवीही मिळाली. त्याच्या स्पॉट नावाच्या कुत्र्याला तुर्कांनी सुखरूप बसऱ्याला जाऊ दिलं. साधे शिपाई मात्र उन्हातून बगदाद, समारा, मोसुल, रास अल-ऐन असे चालवत नेले गेले, आणि पुढे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. हिंदी शिपायांतले हजारो गेले. कुत्र्याचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे. मराठा पलटणीतल्या एकाही शिपायाचं नाव मी आजवर कोणत्याही निवेदकाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

शिपायांकडून लिहिलेलं काहीच नाही असं नाही. बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्बाधिकारी कूतमध्ये पकडले गेले. त्यांनी कैदेत रोजनिशी ठेवली, पानं फाडून बुटांत लपवली, आणि तिच्यावरून १९५७मध्ये 'अभि ले बगदाद' हे बंगाली पुस्तक निघालं. कूतवर इंग्रजी ऑडिओबुक काढणाऱ्यांनी पहिल्यांदा हे करायला हवं होतं असं माझं मत आहे.

सेनापतींच्या आठवणींबद्दल एक निकष मी ठरवलाय: चूक सांगताना कर्ता कोण आहे? टाउनशेंडचं पुस्तक १९२०मध्ये आलं, त्यात चुका होतात त्या बहुधा दुसऱ्यांच्या हातून. विल्यम स्लिमचं 'डिफीट इंटू व्हिक्टरी' (१९५६) याच्या अगदी उलट आहे. हा स्लिमही तरुणपणी, १९१७मध्ये, मेसोपोटेमियात जखमी झालेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात चौदावी आर्मी त्याच्या हाताखाली होती आणि तिच्यात बहुसंख्य सैनिक हिंदी होते. १९४४मध्ये कोहिमाकडे जपानी फार तर एक रेजिमेंट आणू शकतील असा त्याचा अंदाज होता. आली अख्खी डिव्हिजन. तो सरळ लिहितो की हा अंदाज माझा चुकला. त्या दिवसांत संगशाकच्या टेकडीवर जपान्यांना अडवून ठेवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, आणि त्या चार-पाच दिवसांमुळे कोहिमाला थोडी उसंत मिळाली.

स्लिमचं पुस्तक लांबलचक आहे, तरी ऐकायला सोपं, कारण तो जेवण झाल्यावर गप्पा मारणाऱ्या माणसासारखा लिहितो. त्याची गोडी लढायांत नाही, हिशेबात आहे. १९४३मध्ये एका जखमीमागे १२० माणसं आजारानं मागे पाठवावी लागत होती, मुख्यतः मलेरिया. मेपाक्रिनच्या गोळ्या घेतल्या की पुरुषत्व जातं अशी अफवा होती, म्हणून शिपाई गोळ्या टाळत. स्लिमनं अचानक तपासण्या सुरू केल्या. ज्या पलटणीत ९५ टक्क्यांहून कमी माणसांनी गोळी घेतलेली आढळेल तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचं. तिघांनाच पाठवावं लागलं. विमानातून माल टाकायला रेशमी पॅराशूट मिळेनात, तर कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांकडून तागाची पॅराशूट करून घेतली. वीस पौंडांची वस्तू पौंडभरात झाली. मी वर म्हटलं की कानाला हिशेब कळत नाही. स्लिमनं सांगितला तर कळतो.

स्वेतलाना अलेक्सियेविच यांच्या 'द अनवुमनली फेस ऑफ वॉर'ला मी वेगळी जागा देते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजेत दहा लाखांच्या आसपास बायका होत्या: नेमबाज, वैमानिक, परिचारिका, धोबिणी, रणगाडा चालवणाऱ्या. अलेक्सियेविच गावोगाव जाऊन त्यांचं बोलणं टेप करत राहिल्या आणि १९८५मध्ये पुस्तक आलं. ते मुळातच कानांतून जन्मलेलं आहे, म्हणून परत कानात घालताना त्याचं काही हरवत नाही. त्यातल्या बायका रणनीती सांगत नाहीत. पुरुषांच्या मापाचे बूट, कापलेल्या वेण्या, पाळी, युद्ध संपल्यावर गावानं वाईट नजरेनं पाहणं, हे सांगतात. मोठ्या नवऱ्यासमोर बायको वेगळं सांगते आणि स्वयंपाकघरात एकटी असताना वेगळं, हे अलेक्सियेविच यांना लगेच लक्षात आलं. माझ्याकडे हे पुस्तक ऐकलेल्या चार मैत्रिणी आहेत आणि एकही मित्र नाही. वर्गातल्या मुलांनी (पंचेचाळिशीतल्या का असेनात, मुलंच) याची नोंद घ्यावी.

आता नावांबद्दल. बसऱ्याजवळ पहिल्या महायुद्धाचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी. ब्रिटिश शिपायांची नावं त्याच्यावर कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार आकडे आहेत. इतके हवालदार-शिपाई, पुढची पलटण, पुन्हा आकडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१मध्ये अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. ऑडिओबुकात हे फार जाणवतं. कागदावर नाव आणि आकडा जवळजवळ सारखीच जागा घेतात. कानात नावाला वेळ लागतो, आकडा चटकन निघून जातो.

आपल्या जिल्ह्यात याचंच दुसरं टोक दिसतं. कितीतरी गावांत ब्रिटिश काळी बसवलेल्या लहान संगमरवरी शिळा आहेत: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे तर 'मिलिटरी' लागलंय. तिथले ४६ जण त्या युद्धात गेले. माझ्या आजोळी मारुतीच्या देवळाच्या ओवरीत अशी एक शिळा आहे. तिच्यावर दोन आकडे आहेत, बाकी काही नाही. मागच्या दिवाळीत मी आईच्या मामांना, वय वर्षं ८९, तिच्यासमोर बसवलं आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. अकरा मिनिटं बोलले. त्यात पेन्शनवरून झालेली एक भाऊबंदकी आहे, 'बसरेवाल्यांची विहीर' आहे, आणि तीन नावं आहेत. तिसऱ्या नावाशी ते अडखळले, मामीआजीनं आतून दुरुस्त केलं, तेही रेकॉर्ड झालंय.

अशा आवाजांपैकी मी ऐकलेला सर्वांत जुना आवाज एका पंजाबी शिपायाचा आहे. जर्मनांनी बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फला हिंदी कैद्यांसाठी एक छावणी ठेवली होती. तिथं भाषाशास्त्रज्ञ ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले आणि कैद्यांना त्याच्यासमोर उभं करून त्यांच्या भाषेत बोलायला लावलं. त्यांना उच्चार हवे होते, माणसं काय बोलतात याच्याशी घेणं नव्हतं. ११ डिसेंबर १९१६ला मालसिंग नावाचा शिपाई त्या भोंग्यासमोर उभा राहिला आणि आपल्याबद्दल तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलला: असा एक माणूस होता, तो देशात लोणी खायचा, इंग्रजांसाठी लढायला आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला घरी जायचंय. जेमतेम दीड मिनिटाचं आहे. मागे ढोल नाहीत.

मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर संगणक कक्षात तासभर मोकळा ठेवला आहे. तिथं मालसिंग ऐकवीन, आणि आईच्या मामांची अकरा मिनिटंही. ज्यांच्या गावात अशी शिळा असेल त्यांनी तिचा फोटो आणावा, आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना आधी विचारून ठेवावं. फोनला स्पीकर मी आणते.